काळजी करणे आणि काळजी घेणे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे दोघा-तिघांनी विचारलं, "सर, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. लिहायचं होतं ते कसं लिहावं हे सुचत नव्हतं, एवढंच. शेवटी इतिहासाच्या मास्तराने इतिहासाच्या वाटेने जावं हे बरं, असं ठरवलं. थोडा लांबचा वळसा होईल, पण सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. खडकवासल्यातून नदीत पाणी सोडताहेत, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं, असा निरोप संध्याकाळीच फोनवर येऊन गेला होता. आमचं घर नदीपासून चांगलं लांब आणि तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे मी तो वाचून सोडून दिला होता. एकदम जाग आली तर ही पलंगावर उठून बसलेली. म्हणाली, "अहो, मामंजींची ट्रंक भरली का?"

मामंजी म्हणजे माझे वडील. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. दादांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. ट्रंक माळ्यावर कुठेतरी आहे. मी म्हटलं, "भरली, झोप तू." ती झोपली. मला मात्र पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

तर आधी त्या ट्रंकेची गोष्ट सांगतो.

12 जुलै 1961, बुधवार. पुण्याच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, पण आमची नातवंडं परदेशात बसून हे वाचतात, त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याच्या पश्चिमेला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधायचं काम चालू होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं. धरणातून पाणी बाहेर सोडायची जी मोरी असते तिचंही काम अपुरं होतं. तशातच त्यात पाणी साठू दिलं गेलं आणि त्या वर्षी पाऊस असा लागला की धरण भरत चाललं. मोरीच्या वरचा बांध खचायला लागला. 11 तारखेला लष्कराचे जवान बोलावले गेले. धो धो पावसात, रात्रभर, त्या जवानांनी खचणाऱ्या बांधावर मातीची पोती रचली. पोती रचायची, बांध आणखी खचायचा, परत पोती रचायची. सकाळी सातच्या सुमाराला धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या धरणात आलं. हे धरण इंग्रजांच्या काळातलं, 1879 सालचं, दगडी. त्याने काही तास तग धरला, आणि दुपारच्या सुमाराला तेही फुटलं.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर राहत होतो. मी 11 वर्षांचा. आजी, आई, दादा आणि आम्ही तिघं भावंडं. दादा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करीत. सकाळी कुणीतरी ओरडत आलं, "पानशेत फुटलं!" दादा दाढी करत होते. ते म्हणाले, "धरणं अशी फुटत नसतात." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. दादा अडाणी नव्हते, उलट वाड्यातले सगळ्यात वाचन असलेले गृहस्थ होते. पण धरण फुटतं हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं!

तासाभरात बोळात पाणी दिसायला लागलं तेव्हा आईने आम्हा तिघांना आणि आजीला बाहेर काढलं आणि आम्ही पर्वतीच्या दिशेने पळत सुटलो. दादा मागे राहिले, ट्रंक आणि कागदपत्रं घेऊन येतो म्हणाले. आले ते रात्री, रिकाम्या हातांनी, छातीपर्यंत चिखलात माखलेले. आमचं म्हणून जे काही होतं ते सगळं गेलं. आजीचे देव, आईचं शिवणाचं मशीन, दादांची पुस्तकं, आमचे शाळेचे दाखले. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. काठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले होते. पूर ओसरला तेव्हा गंमत पाहा, सगळीकडे पाणीच पाणी झालेल्या शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच फुटलेलं. जुन्या वाड्यांतल्या विहिरी परत कामाला लागल्या. त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे... चिखल, भिजून कुजलेलं धान्य आणि फिनाइल.

मोठेपणी इतिहास शिकवायला लागल्यावर मला त्या दिवसाकडे जरा लांबून बघता आलं. आणि एक गोष्ट लक्षात आली. 11 जुलैच्या रात्री पुण्यातले लाखो लोक निवांत झोपले होते. भविष्याची काळजी म्हणतात ती त्या रात्री शहरात जवळजवळ कुणालाच नव्हती. आणि तिथून काही मैलांवर मूठभर माणसं अंधारात पोती वाहत होती. त्यांना पुण्यातलं कुणी ओळखत नव्हतं. त्यांच्या पोत्यांनी धरण वाचलं नाही, हे खरं. पण त्यांनी रात्र काढून दिली. धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं. माणसं जागी होती, उजेड होता, पळता येत होतं. आम्ही तिघं भावंडं, आजी, आई, दादा पुढे किती वर्षं जगलो ते त्या पोत्यांमुळे.

आता पुढची गोष्ट. ही पुरानंतर सातच महिन्यांनी घडली.

फेब्रुवारी 1962. 3 ते 5 या तारखांना 'अष्टग्रही' होती. रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. त्यातच 5 तारखेला सूर्यग्रहण. जगबुडी होणार, भूकंप होणार, आग लागणार, युद्ध पेटणार... जो तो काहीतरी सांगत होता. देशभर होमहवनं झाली, अखंड जप झाले. लोकांनी प्रवास पुढे ढकलले, लग्नं पुढे ढकलली. पंतप्रधान नेहरू या सगळ्या प्रकाराला हसत होते, पण लोक नेहरूंना मतं देत आणि भटजींचं ऐकत, असा तो काळ होता. (म्हणजे आजच्यासारखाच!)

पुढे शाळेत मी हा धडा म्हणून शिकवीत असे. फळ्यावर आकृती काढायची. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरच्या आसपास. सूर्य 15 कोटी. त्या दिवशी गुरू होता सूर्याच्याही पलीकडे, सुमारे 90 कोटी किलोमीटरवर. आणि शनि तर 160 कोटींच्याही पुढे. आपण पृथ्वीवरून बघतो म्हणून ते एका रांगेत दिसतात, जसे पर्वतीवरून बघितलं की गावातलं देऊळ आणि मैलभर मागचं झाड एकमेकांना चिकटलेले दिसतात. आणि केतू? केतू हा ग्रहच नव्हे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो नुसता बिंदू. चंद्र-सूर्य एकत्र त्या बिंदूजवळ आले की ग्रहण होतं, इतकंच. ते ग्रहणही आपल्याकडे नव्हतंच, खग्रास दिसलं ते तिकडे न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागराच्या बाजूला.

पण हे सगळं नंतरचं शहाणपण. 1962 साली मी 12 वर्षांचा होऊ घातलेला मुलगा होतो आणि माझी पाचावर धारण बसली होती. एकदा घर वाहून गेलेलं मी पाहिलं होतं, मग जग का नाही जाणार? आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत आत्याकडे आश्रिताप्रमाणे राहत होतो. आजी दिवसभर जप करीत होती. मी तिच्या शेजारी बसायचो, तिच्या पदराचं टोक धरून.

4 तारखेला रविवार होता. दादा घरी होते. मी त्यांना विचारलं, "दादा, उद्या काय होणार?" मला वाटलं ते पुन्हा म्हणतील, "असं काही होत नसतं." पण ते वाक्य त्यांनी पुरानंतर कायमचं सोडलं होतं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे बघ, ग्रहांना पोतं लावता येतं का? नाही ना? ज्याला पोतं लावता येत नाही त्याची काळजी करायची नाही. ज्याला लावता येतं, त्याला लावायला उशीर करायचा नाही."

मी आजीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "मग आजी का जप करते?" दादा म्हणाले, "तिला करू दे. तिच्याही हाताला काहीतरी काम हवं."

5 तारीख आली आणि गेली. काहीही झालं नाही. पंधरा दिवसांनी देशात तिसरी सार्वत्रिक निवडणूक व्यवस्थित पार पडली. आणि मग ऑक्टोबरमध्ये, 20 तारखेला, चीनने हल्ला केला. त्या हल्ल्यावर देश अगदी बेसावध सापडला. तेव्हा काही लोक म्हणाले, "बघा, अष्टग्रहीचाच परिणाम!" पण फेब्रुवारीत जे होमाला बसले होते त्यांच्यातल्या कुणी हिमालयातल्या जवानांना पुरेसे गरम कपडे आणि बूट आहेत का, हे विचारलं नव्हतं. तिथे खरं तर पोतं लावता आलं असतं.

त्या वर्षी जूनमध्ये, मृग लागलं तेव्हा, दादांनी जुन्या बाजारातून एक पत्र्याची ट्रंक आणली. त्यात रेशनकार्ड, आमचे नव्याने मिळवलेले दाखले, आईच्या दोन साड्या, टॉर्च, डबीत घट्ट बंद केलेली काडेपेटी, गूळ-शेंगदाण्याची पिशवी आणि 20 रुपये. ट्रंक दाराशी ठेवलेली असायची. दिवाळीला ती उघडायची, गूळ-शेंगदाणे आम्ही खायचे, ट्रंक माळ्यावर. पुढच्या मृगाला परत खाली. आम्हाला पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. तिथे नदी येणं शक्यच नव्हतं, चांगली उंचावरची जागा. तरी ट्रंक भरली जायचीच. आम्ही भावंडं मोठी झाल्यावर हसायचो. 1976 साली लग्न होऊन ही घरात आली, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात दादांनी तिला बोलावून सांगितलं, "सूनबाई, आता तुमचेही कागद यात ठेवा." ती हसली नाही. तिने आपलं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणून ठेवलं. तेव्हापासून ट्रंक भरायचं काम तिच्याकडे गेलं.

आता आणखी एक साल, 1979. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. आठवडाभर तिथे खोली करून राहायचं आणि शनिवारी दुपारी एस.टी.ने पुण्याला यायचं. त्या जुलैत 'स्कायलॅब' पडणार होती. नव्या पिढीला हे नावही माहीत नसेल. अमेरिकेने 14 मे 1973 ला अवकाशात सोडलेली ही प्रयोगशाळा, वजन 77 टनांच्या आसपास. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिच्यात राहून आल्या, मग ती रिकामीच फिरत राहिली. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, त्यामुळे वरचं विरळ वातावरण फुगलं, आणि ते घासून घासून ती हळूहळू खाली यायला लागली. कुठे पडणार ते नक्की सांगता येईना.

आमच्या खेड्यात तर सगळ्यांची खात्रीच झाली होती की ती आमच्याच डोक्यावर पडणार. निम्मा वर्ग रिकामा. एक मुलगा सांगत होता, "गुरुजी, आमच्या आज्जीनं काल कोंबडं कापलं. म्हनली, मरायचंच हाय तर खाऊन मरू." दुसऱ्याच्या बापाने उधारी परत करायचं थांबवलं होतं, देणारा आणि घेणारा दोघंही राहणार नाहीत म्हणून! मी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला. म्हटलं, बाळांनो, ह्यातला तीन भाग समुद्र आहे, उरलेल्या एका भागात आपलं गाव शोधा बरं. मुलं हसली, पण संध्याकाळी घरी जाताना सगळी वर बघत गेली. खरं सांगायचं तर मीही एकदा बघितलं.

11 जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या ओसाड प्रदेशात पडली. कुणाला खरचटलंही नाही. तिथल्या एस्परन्स गावच्या लोकांनी उलट अमेरिकेला, आमच्या हद्दीत कचरा टाकलात म्हणून 400 डॉलरचा दंड ठोठावला. पानशेतला अठरा वर्षं पुरी व्हायला तेव्हा एक दिवस कमी होता.

आणि त्यानंतर बरोबर एक महिन्याने, 11 ऑगस्ट 1979 ला, गुजरातमध्ये मोरबीच्या वरचं मच्छू-2 धरण फुटलं.

तो शनिवार होता, त्यामुळे बातमी आली तेव्हा मी पुण्याला घरी होतो. दादा रेडिओ लावून बसले होते. मोरबी शहर पाण्याखाली गेल्याचं निवेदकाने सांगितलं. धरणाचा सांडवा जेवढ्या पाण्याचा हिशेब धरून बांधला होता त्याच्या कितीतरी पट पाणी आलं, मातीचे बांध वाहून गेले, आणि काही मैलांवरचं शहर बुडालं. हजारावर माणसं गेली, नेमका आकडा आजही वादाचाच आहे. दादा उठले. काही बोलले नाहीत. दाराशी जाऊन ट्रंक उघडली, आतलं सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा एकेक वस्तू नीट लावायला लागले. ही त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देत राहिली. बाहेर पाऊस. मी आत उभा राहून बघत होतो. सोमवारी शाळेत गेलो ते सगळ्या वर्गांना सांगितलं, उद्या प्रत्येकाने घरून मूठ-मूठ धान्य आणा. स्कायलॅबच्या भीतीने कोंबडं खाल्लेल्या घरांतूनसुद्धा धान्य आलं.

देशभर माणसं महिनाभर आभाळाकडे बघत होती, आणि पाणी आलं ते मातीच्या बांधातून. 1961-62 मध्येही तेच, 1979 मध्येही तेच. भीती एकीकडे आणि संकट दुसरीकडे. तुम्हीही अशी उदाहरणं सांगू शकाल. 31 डिसेंबर 1999 च्या रात्री सगळे संगणक बंद पडणार होते. तिथे मात्र जगभरच्या संगणकवाल्यांनी आधी दोन-तीन वर्षं खपून पोती लावली होती, म्हणून निभावलं. 2012 साली जग बुडणार होतं, ते बुडलं नाही. आणि 2020 च्या मार्चमध्ये जे आलं त्याची तारीख कुठल्या पंचांगात नव्हती. मात्र साथीच्या रोगांचे अभ्यासक कित्येक वर्षं आधीपासून असं काहीतरी येऊ शकेल म्हणून सांगत होते.

मग याचा अर्थ काय, पुढची काळजी करणं फुकट आहे? तरुणपणी मी तसंच सांगायचो. वर्गात फळ्यावर 'चिंता' लिहायचो, वरचा अनुस्वार पुसायचो आणि 'चिता' करून दाखवायचो. मुलांना गंमत वाटायची. आता मला ती गंमत अर्धवट वाटते. कारण 'चिंता' या शब्दाचं काही असो, आपण घरात बोलताना 'काळजी' म्हणतो. आणि त्या शब्दाकडे आपण कधी नीट बघत नाही.

जरा व्याकरण करू या. (मास्तरांची खोड!) काळजी 'वाटते'. हे आपल्या हातात नाही, थंडी वाटते तसं. माणूस जिवंत आहे आणि कुणावर तरी त्याचा जीव आहे, म्हणून वाटते. ज्याला कुणीच नाही त्याला कसली काळजी? मग काळजी 'करतो'. म्हणजे बसल्या जागी, रात्री अंथरुणात, तेच तेच घोळवीत राहतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ते हेच. आणि तिसरं, काळजी 'घेतो'. पोती वाहतो, ट्रंक भरतो, बूट आहेत का विचारतो. एकच शब्द, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. ज्यांनी आपली भाषा घडवली त्यांनी भीतीला आणि मायेला एकच नाव दिलं, आणि त्यातलं कुठलं निवडायचं ते क्रियापदावर सोडलं.

पुढचं काय होणार याची धाकधूक वाटणं म्हणजे दुबळेपणा नव्हे, असं आता मला वाटतं. ती एक सूचना असते, इथे तुझा जीव गुंतलेला आहे अशी. पण ती सूचना नुसती ऐकत बसलं की अष्टग्रही होते. हाताला काम दिलं की तीच पोती होतात. आणि पोती लावूनही धरण फुटू शकतं, हे मी पाहिलं आहे. पोत्यांचं काम धरण वाचवणं हे नसेलही. रात्र काढून देणं, उजेड होईपर्यंत वेळ मिळवणं, एवढंच असेल. तेवढंही पुष्कळ असतं.

आता ज्यासाठी हा वळसा घेतला ते सांगतो.

त्या रात्रीनंतर मी हिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. खरं तर आधीच जायला हवं होतं. वर्षभर मी बघत होतो. भाजीत दोनदा मीठ, गॅसवर ठेवून विसरलेलं दूध, शेजारच्या वहिनींना वेगळ्याच नावाने हाक. मी स्वतःशी म्हणत होतो, "वयानुसार होतं, असं काही नसतं." म्हणजे दाढी करत करत दादा जे म्हणाले तेच! तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. औषधाने थोडा फरक पडतो, मागे फिरवता येत नाही. किती वेगाने वाढेल हे कुणी सांगू शकत नाही.

पहिला महिना मी नुसती काळजी केली. रात्री हिशेब मांडायचो, दोन वर्षांनी काय, चार वर्षांनी काय, कुठल्या दिवशी ती माझं नाव विसरेल. तारीख शोधत होतो, पंचांगात शोधावी तशी. मग एका सकाळी दादांचं बोलणं आठवलं. ज्या दिवशी ती मला ओळखणार नाही तो दिवस म्हणजे माझी अष्टग्रही. त्याला पोतं लावता येत नाही. पण बाकी कितीतरी गोष्टींना येतं.

तेव्हापासून एकेक करतोय. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहिली, फळ्यावर लिहितो तशी. रात्री गॅस सिलिंडरचा नॉब मी स्वतः बंद करतो. तिच्या पिशवीत आमचा पत्ता आणि माझा नंबर असलेलं कार्ड ठेवलं. खालच्या दुकानदाराला, वॉचमनला, वरच्या मजल्यावरच्या मुलीला सांगून ठेवलं. सुरुवातीला सांगताना लाज वाटली, मग गेली. संध्याकाळी दोघं बागेत फिरायला जातो. ती जुन्या गोष्टी सांगते, त्या मी लिहून ठेवतो. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, पण दादांच्या ट्रंकेत काय काय असायचं ते अजून क्रमाने सांगते. काडेपेटीची डबी कुठल्या कोपऱ्यात, तेसुद्धा.

मागच्या आठवड्यात मी माळ्यावरून ती ट्रंक काढली. गंजली आहे, एक कडी तुटली आहे. पुसून तिच्यासमोर ठेवली. तासभर आम्ही दोघं ती भरत होतो. तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट तिने स्वतः शोधून आणलं. ट्रंक आता दाराशी आहे. ज्या पानशेतने आमचं घर नेलं ते पुन्हा बांधलेलं धरण आज आमच्या नळाला पाणी देतं आणि तिसऱ्या मजल्यावर पूर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ट्रंक भरल्यापासून तिला रात्री झोप लागते. मलाही.

नातेवाइकांपैकी पुष्कळ जणांना हे मी फोनवर सांगू शकलो नाही. दोन-तीनदा फोन हातात घेतला आणि पावसाबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून इथे लिहिलं. रागावू नका. सल्ले पाठवू नका, विशेषतः व्हॉट्सॅपवरचे काढे नकोत. एकच करा. फोन करा, संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान, तेव्हा ती ताजीतवानी असते. आणि ती फोनवर आली की "ओळख पाहू कोण बोलतंय?" असं कुणीही विचारू नका. आधी आपलं नाव सांगा, कुणाचे कोण तेही सांगा, मग बोला.

असो. पाच वाजत आले, चहाचं आधण ठेवतो.